धावत्या वाहनाचे इंजिन बंद पडणे

धावत्या वाहनाचे इंजिन बंद पडणे म्हणजे चालकाने चावी न फिरवता व क्लच सोडण्यात चूक न करता वाहन चालत असतानाच इंजिनातील ज्वलन खंडित होणे. हा बिघाड अधूनमधून व अनियमितपणे घडत असेल, तर त्याचे निदान हे वाहनदुरुस्तीतील सर्वांत अवघड कामांपैकी एक मानले जाते. कारण वाहन गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ते बहुधा सुरळीत चालू असते. गाडी ‘मनात येईल तेव्हा’ बंद पडते, असे चालक सांगतो. प्रत्यक्षात उष्णता, चढ, टाकीतील इंधनाची पातळी, पाऊस, खड्ड्याचा हादरा यांपैकी कोणती ना कोणती परिस्थिती जवळजवळ प्रत्येक वेळी उपस्थित असते आणि ती हुडकून काढणे हाच निदानाचा गाभा असतो. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या लगतच्या जिल्ह्यांत घाट, ऊसपट्टा, कृष्णेचे पूरक्षेत्र आणि अवर्षणग्रस्त माळ असे चारही प्रकारचे प्रदेश असल्याने या बिघाडाची बहुतेक रूपे तेथे आढळतात. या लेखातील उदाहरणे मुख्यतः त्याच भागातील आहेत.

संज्ञा

मराठीत या बिघाडासाठी एकच नेमका शब्द रूढ नाही. ‘गाडी बंद पडली’ हा प्रयोग तुटलेल्या आसापासून संपलेल्या पेट्रोलपर्यंत सर्वांना लावला जातो. गॅरेजमधील बोली मात्र बरीच काटेकोर आहे. एखाद्या सिलिंडरात मध्येच ज्वलन चुकले तर गाडी ‘मिसिंग करते’, इंधन अपुरे पडून ओढ तुटली तर ती ‘झटके मारते’, डिझेलच्या नळीत हवा शिरली तर ‘एअर धरते’ आणि प्लगच्या टोकांमधील फट काजळीने बुजली तर ‘प्लग शॉर्ट होतो’. वाई येथे संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ ही संज्ञा योजलेली आहे. बोलण्यात व वृत्तपत्रांत ‘इंजिन’ हेच रूप टिकले. निदानाच्या दृष्टीने विश्वकोशातील संज्ञेपेक्षा गॅरेजमधील हे शब्दच अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांतील प्रत्येक शब्द एका ठरावीक कारणाकडे बोट दाखवतो.

धोका व तातडीची कृती

इंजिन थांबले तरी वाहन गतीत असते. मात्र चालकाला मिळणारे साहाय्य कमी होते. मोटारीच्या ब्रेकला जोर देणारी यंत्रणा निर्वातावर चालते. पेट्रोल इंजिनात हा निर्वात हवा आत घेणाऱ्या नळीतून, तर डिझेल इंजिनात बहुधा स्वतंत्र पंपातून मिळतो. इंजिन थांबल्यावर साठलेला निर्वात साधारणपणे दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता पुरतो. त्यानंतर पायटा दगडासारखा घट्ट होतो. ब्रेक तेव्हाही लागतात, परंतु त्यासाठी पायाचा पूर्ण भार द्यावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच सलग दाबून ठेवावा, असे सांगितले जाते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. याहून गंभीर चूक म्हणजे घाबरून चावी काढून घेणे. तसे केल्यास अनेक वाहनांचे स्टिअरिंग कुलूपबंद होते आणि वळणावर वाहन वळवताच येत नाही. ट्रक व बस यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. उतारावर इंजिन बंद ठेवून डिझेल वाचवण्याची जुनी सवय यामुळेच प्राणघातक ठरते.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील खंबाटकी घाट हे या धोक्याचे परिचित स्थळ होय. अनेक वर्षे पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी वाहने हा घाट चढून आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून जात असत. चढावर एखादे वाहन बंद पडले की मागील अवजड वाहनांना चढावरच थांबावे लागते व पुन्हा निघताना ती मागे घसरण्याचा संभव असतो. अशा वेळी हँडब्रेक लावून वाहन पहिल्या गिअरमध्ये ठेवणे, मागील चाकांना दगड लावणे, चारही इंडिकेटर सुरू करणे आणि धोक्याचा त्रिकोण वळणाच्या अलीकडे मांडणे या गोष्टी बॉनेट उघडण्याआधी करावयाच्या असतात. उतारावर वाहनाचे तोंड खाली असेल तर पहिल्याऐवजी मागचा गिअर टाकतात.

बंद पडण्याची तऱ्हा

पेट्रोल इंजिन चालू राहण्यास इंधन, हवा, सिलिंडरातील दाब आणि योग्य क्षणी ठिणगी लागते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. चालत्या इंजिनातील दाब अचानक नाहीसा होऊन पंधरा मिनिटांनी परत येणे सहसा घडत नाही. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन थांबते, पण ते पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात शोध मुख्यतः इंधन, हवा व वीज यांपुरता मर्यादित राहतो.

त्यातही इंजिन कसे थांबले, हा पहिला प्रश्न असतो. दिव्याचे बटण बंद करावे तसे ते एका क्षणात थांबले, तर संशय विजेवर जातो: चावीचा स्विच, मुख्य रिले, बॅटरीची सैल टोके, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, इग्निशन कॉइल किंवा क्रँक सेन्सर. आधी ओढ कमी झाली, दोन-चार झटके बसले आणि मग इंजिन विझले, तर इंधन कमी पडले असावे. वेगात काहीच तक्रार नसताना सिग्नलजवळ पाय उचलताच किंवा एसी सुरू होताच ते बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीतील काजळी, मंद गती सांभाळणारा व्हॉल्व्ह, फाटलेली निर्वात नळी किंवा उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह यांकडे पाहावे लागते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच न सुटल्यानेही थांबताना इंजिन गुदमरते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

आरपीएम दाखवणारा काटा या वेळी मोलाची साक्ष देतो. गाडी गिअरमध्ये असून क्लच दाबलेला नसेल, तर चाकेच इंजिनाला फिरवत असतात. अशा स्थितीत काटा एकदम शून्यावर कोसळला, तर अनेक वाहनांत त्याचा अर्थ क्रँक सेन्सरचा संदेश किंवा त्या यंत्रणेची वीज तुटली असा होतो. काटा वेगाबरोबर सावकाश उतरत गेला, तर इंजिन फिरत असल्याचे संगणकाला कळत होते. इंधन किंवा ठिणगी पोहोचत नव्हती. ही निरीक्षणाची बाब केवळ चालकालाच शक्य असते. पुढच्या वेळी काट्याकडे लक्ष ठेवा, एवढे त्याला सांगितले तरी पुष्कळ श्रम वाचतात.

दुसरा प्रश्न म्हणजे इंजिन पुन्हा कसे सुरू झाले. चावी फिरवताच सुरू झाले तर जोडणी सैल असण्याची शक्यता वाढते. वीस-तीस मिनिटे निवल्यावरच सुरू झाले तर क्रँक सेन्सर, कॉइल किंवा इंधनपंप तापून निकामी होत असावा. सेन्सरच्या आतील बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. टाकीचे झाकण उघडताच ‘फस्’ असा आवाज होऊन हवा आत शिरली व गाडी चालू लागली, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे.

घाट व उष्णता

वाईहून पाचगणीस नेणारा पसरणी घाट समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीपर्यंत चढतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारींत इंधनपंप इंजिनालाच बसवलेला असे. चढावर कमी वेग, मोठा भार आणि तापलेले बॉनेट यांमुळे पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होई आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलू लागे. या ‘व्हेपर लॉक’वर पंपाला ओले फडके गुंडाळण्याचा उपाय प्रीमियर पद्मिनी व अँबॅसेडरच्या चालकांना ठाऊक असे. तो शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच होता. आजच्या पेट्रोल मोटारींत पंप टाकीच्या आत असतो व सामान्य इंजेक्शन यंत्रणेत तो साधारण ३ ते ४ बार दाब देतो. दाबाखालील इंधनाची वाफ सहजी होत नाही, त्यामुळे हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा दुसऱ्या दोषाने घेतली. टाकीतील पंप भोवतीच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो. नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याचा पंप अधिक तापतो आणि घाटातील वळणावर उरलेले पेट्रोल एका बाजूला गेले की पंपाच्या तोंडाशी हवा येते. सपाट रस्त्यावर कधीच बंद न पडणारी, पण ठरावीक वळणावर झटके खाणारी गाडी आधी टाकी भरून त्याच रस्त्याने पुन्हा नेऊन पाहावी.

ऊसपट्टा: ट्रॅक्टर आणि इथेनॉल

कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांत गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसतात. जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाल्यावर विजेशिवायही चालते. म्हणून ते भाराखाली बंद पडत असेल तर इंधनमार्गापासून आरंभ करतात. पिंपातून किंवा कॅनमधून डिझेल भरताना गाळ व पाणी टाकीत उतरते, फिल्टर चोंदतो आणि रिकाम्या ट्रॉलीने नीट चालणारा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीने चढावर दम सोडतो. नळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल तर बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण टाकी व पंप यांमधील नळीत खेच असते. तेथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. अशा वेळी त्या भागात काही अंतर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे पाहणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. हातपंपाने ‘एअर काढल्यावर’ ट्रॅक्टर सुरू होतो, परंतु सांधा तसाच राहिला तर तो पुन्हा बंद पडतोच. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजाराहून अधिक बार असतो व त्यावर संगणकाचे नियंत्रण असते. तेथे दाब अपुरा आहे असे दिसताच संगणक स्वतः इंजिन मंद करतो किंवा थांबवतो.

याच उसापासून मिळणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असते. देशात जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागले. इथेनॉल पाण्याशी सहज मिसळते. टाकीत मर्यादेपेक्षा अधिक पाणी शिरले की इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच इंधन ओढतो. जुन्या टाकीत चिकटून बसलेला मळ इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये अडकल्याचेही आढळते. जुन्या रबरी नळ्या फुगतात वा चिरतात. तथापि प्रत्येक बंद पडलेल्या गाडीचा दोष इथेनॉलवर टाकण्याची अलीकडची प्रवृत्ती निदानास मारक आहे. २० टक्के मिश्रण १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा थर वेगळा होण्यापूर्वी अधिक पाणी सामावून घेते. तेव्हा खरा प्रश्न पाणी टाकीत कोठून आले, हा असतो. काचेच्या स्वच्छ बाटलीत टाकीच्या तळाचे पेट्रोल काढून अर्धा तास स्थिर ठेवले की दोन थर आहेत की नाहीत, हे डोळ्यांनीच दिसते.

पूर, पाऊस आणि धूळ

सांगलीत कृष्णेची पूरपातळी आयर्विन पुलाजवळ मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा व ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये शहरात पुन्हा पूर आला. अशा प्रसंगी पाण्यातून जाताना बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, हा नियम अपवादाविना पाळावा लागतो. हवेच्या नळीतून सिलिंडरात पाणी गेले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. स्टार्टर फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या सफाईने भागले असते तेथे संपूर्ण इंजिन उघडावे लागते. पेट्रोल गाडीचे प्लग, तर डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याखेरीज चावीला हात लावू नये. पूर ओसरल्यानंतर काही महिन्यांनी सुरू होणारा त्रास निराळा असतो. वायरिंगच्या जोडण्यांत हिरवट गंज चढतो, संगणकाची अर्थिंग कमकुवत होते आणि गाडी दमट हवेत कधीतरी बंद पडू लागते. जुनी गाडी विकत घेताना गालिच्याखालील गाळाची रेघ पाहण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

महाबळेश्वर परिसरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो सुमारे ५०० मिलिमीटर असतो. पहिल्या भागात ओलाव्यामुळे प्लगच्या वायरींतून ठिणगी बाहेर गळते. अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा फवारा मारल्यास निळसर ठिणग्या दिसतात. दुसऱ्या भागात हवेचा फिल्टर व हवेचे प्रमाण मोजणारा सेन्सर धुळीने माखतात.

दोनठोकी स्कूटर: साताऱ्याची ‘प्रिया’

१९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होत असे. तिच्या दोनठोकी इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. ऑइल अधिक पडले की काजळी धरून प्लग शॉर्ट होई व स्कूटर एका क्षणात बंद पडे. प्लग काढून ब्रशने घासला की ती चालू होई, त्यामुळे डिकीत जादा प्लग व पाना ठेवण्याची पद्धत होती. पाच-दहा किलोमीटरनंतर, विशेषतः उन्हात, ती बंद पडून निवल्यावर चालू झाली तर दोष प्लगचा नसून कॉइल किंवा कंडेन्सरचा असे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आल्यास स्कूटर आधी ओढ सोडी. म्हणजे ‘तऱ्हेवरून कारण’ हे तत्त्व संगणकाच्या आधीच्या मिस्त्रींनाही पूर्णपणे अवगत होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर दुचाकींतही इंजेक्शन व सेन्सर आले. आता साइड स्टँडचा बिघडलेला स्विच किंवा गाडी कलंडल्याचे ओळखणारा सेन्सर यांनी इंजिन बंद केल्याच्या तक्रारीही येतात.

तपासणी

निदानाचे सर्वांत उपयुक्त साधन वही हे आहे. प्रत्येक वेळी दिनांक, किती किलोमीटर चालल्यावर, वेग, गिअर, चढ की उतार, इंधनाची पातळी, एसी, पाऊस आणि पुन्हा सुरू होण्यास लागलेला वेळ यांची नोंद केली, तर चार-पाच नोंदींतच समान धागा दिसू लागतो. सीएनजी संच असलेल्या गाडीत ती कोणत्या इंधनावर बंद पडली, हे सर्वांत आधी लिहावे. फक्त गॅसवरच त्रास होत असेल तर निम्मा शोध तेथेच संपतो.

त्यानंतर स्कॅनर लावतात. भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकी वाहनांत दुसऱ्या टप्प्याची ओबीडी यंत्रणा आली. तिच्यात ‘पी०३३५’ हा संकेत क्रँक सेन्सरच्या, ‘पी०३४०’ कॅम सेन्सरच्या मंडलातील दोष, तर ‘पी०१७१’ मिश्रणात इंधन कमी असल्याचे दर्शवतो. संकेताबरोबर साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, तापमान व भार, ही संकेताइतकीच महत्त्वाची असते आणि संकेत पुसला की बहुधा तीही पुसली जाते. म्हणून पुसण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी. संकेत नाही म्हणजे दोष नाही, असे मात्र नव्हे. अनेक साध्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. पंप थकला तरी संगणकाला ते थेट कळत नाही. तेथे नळीवर दाबमापक बसवून, तो सुरक्षितपणे चालकाशेजारी दिसेल असा ठेवून, दुसऱ्या व्यक्तीने वाचन घेत गाडी रस्त्यावर चालवावी लागते.

गॅरेजमध्ये दोष मुद्दाम उत्पन्न करण्याचे उपायही आहेत. इंजिन चालू ठेवून वायरिंगचे गुच्छ हलवणे, रिलेवर हलके ठोकणे, संशयित सेन्सरला गरम हवेचा झोत देणे आणि बंद पडताच फक्त त्याच भागावर थंड पाणी टाकून पाहणे, हे त्यांतील प्रमुख होत. इंजिन चालू असता बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. चावीच्या जुडग्याचे ओझेही पाहावे. जड जुडग्याने झिजलेला स्विच खड्ड्यात सुटू शकतो.

सुटे भाग अंदाजाने बदलत जाणे ही या बिघाडातील नेहमीची व खर्चिक चूक होय. महिन्यातून एकदा बंद पडणारी गाडी पंप बदलल्यावर तीन आठवडे नीट चालली, तर त्यातून पंप दोषी होता असे सिद्ध होत नाही. ती एरवीही तितके दिवस चाललीच असती. दुरुस्ती यशस्वी झाली असे म्हणण्यासाठी ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती त्याच परिस्थितीत, म्हणजे त्याच घाटात, तितक्याच भाराने व तितक्याच उन्हात, तिची परीक्षा घ्यावी लागते.

उत्पादनातील दोष

काही वेळा कारण मालकाच्या हाती नसते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर व बलेनो या गाड्यांपैकी १,३४,८८५ वाहने इंधनपंपाच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावली; मार्च २०२४ मध्ये याच दोन गाड्यांपैकी १६,०४१ वाहने पंपाच्या मोटरमधील संभाव्य दोषासाठी बोलावण्यात आली. जून २०२० मध्ये होंडानेही ६५,६५१ वाहनांचे पंप तपासण्याचे जाहीर केले होते.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील जनरल मोटर्सचे आहे. चावीचा स्विच हादऱ्याने वा जुडग्याच्या वजनाने आपोआप मागे सरके व इंजिनाबरोबर एअरबॅगही निकामी होत. ‘गाडी चालताना बंद पडते’ ही तक्रार कंपनीत प्रदीर्घ काळ सुरक्षेची नव्हे, तर गैरसोयीची बाब म्हणून वर्गीकृत झाली होती. २००६ साली स्विचची रचना बदलण्यात आली, पण भागाचा क्रमांक तोच राहिला. त्यामुळे जुन्या व नव्या गाड्यांतील फरकाचे कारण तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षे उमगले नाही. अखेर एका मृत्यूच्या दाव्यात दोन स्विच शेजारी ठेवून उघडल्यावर ते उलगडले. २०१४ मध्ये या दोषासाठी सुमारे २६ लाख वाहने परत बोलावली गेली आणि कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ अन्वये सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तत्पूर्वी ही कार्यवाही २०१२ पासून उत्पादकांच्या स्वेच्छासंहितेनुसार होत असे. आपले वाहन अशा मोहिमेत आहे की नाही, हे चासी क्रमांकावरून उत्पादकाच्या संकेतस्थळावर अथवा अधिकृत सेवा केंद्रात पाहता येते. मोहिमेत समाविष्ट भाग विनामूल्य बदलून दिला जातो, त्यामुळे पंप वा स्विच स्वखर्चाने बदलण्यापूर्वी ही चौकशी करतात.